भाषेतून रोजच्या सवयी बदलणं आणि एनएलपी: कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एनएलपी म्हणजे नक्की काय?

न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग. १९७० च्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ इथल्या आवारात ही पद्धत उभी राहिली. रिचर्ड बँडलर हा तिथला विद्यार्थी आणि जॉन ग्राइंडर भाषाशास्त्राचा प्राध्यापक. फ्रिट्झ पर्ल्स, व्हर्जिनिया सटीर आणि मिल्टन एरिक्सन हे त्या काळचे नावाजलेले उपचारक समोरच्याशी नेमकं कसं बोलतात, कोणता प्रश्न कधी विचारतात, हे दोघांनी बारकाईने पाहिलं आणि त्याची सूत्रं बांधली. त्यांचं पहिलं पुस्तक १९७५ साली आलं.

मोबाइलवर नुसतं ‘एनएलपी’ टाकलंत तर संगणकाला माणसांची भाषा शिकवण्याची माहिती समोर येईल. नाव सारखं, विषय निराळा.

हे शास्त्र आहे का?

सगळं नाही. ‘न्यूरो’ हा शब्द नावात आहे म्हणून मेंदूविज्ञान पाठीशी आहे, असं समजू नका. ‘अमका माणूस दृश्य प्रकारचा, तमका श्रवण प्रकारचा, त्याच्याशी त्याच्याच प्रकारचे शब्द वापरा’ हा दावा १९८० च्या दशकातल्या चाचण्यांत टिकला नाही. आरोग्याच्या तक्रारींवर एनएलपीचा उपयोग होतो का, याचा ब्रिटनमध्ये आढावा घेण्यात आला. तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यातही ठोस पुरावा हाती लागला नाही.

मग उरतं काय? प्रश्न विचारण्याची शिस्त. आपण बोलताना काय गाळतो, काय वाकवतो आणि एका अनुभवावरून सगळ्यांना एकाच मापात कसं मोजतो, हे शोधायचे प्रश्न. ग्राइंडरच्या भाषाशास्त्रातून आलेला हा भाग आम्हाला सगळ्यात कामाचा वाटतो. त्याला सवयींवरच्या अलीकडच्या मानसशास्त्रीय संशोधनाची जोड दिली की घरगुती वापराला पुरेसं साहित्य जमतं. खालची उत्तरं त्याच हिशोबाने लिहिली आहेत.

‘नकाशा म्हणजे प्रदेश नव्हे’ असं या लोकांच्या तोंडी सारखं असतं. त्याचा अर्थ काय?

मूळ वाक्य भाषेचे अभ्यासक आल्फ्रेड कोर्झिब्स्की यांचं, एनएलपीच्या कितीतरी आधीचं. किनाऱ्यावरच्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. खाडीच्या मुखावरची वाळूची पट्टी पावसाळ्यात सरकते. गेल्या वर्षीच्या खुणेवर भरवसा ठेवून होडी घातली तर ती रुतते. ‘भावाला माझी किंमत नाही’ ही अशीच एक जुनी खूण असू शकते. पाणी पुन्हा मोजून बघायचं, एवढाच त्याचा अर्थ.

सुरुवात कुठून करायची?

एक लहान वही घ्या. तीन दिवस काहीही बदलायचं नाही, फक्त टिपायचं. कुठलंही काम टाळलंत, कुणावर खेकसलात किंवा मनातल्या मनात स्वतःला बोललात, की ते वाक्य जसंच्या तसं उतरवायचं. दिवसाला चार-पाच वाक्यं पुरतात. शुद्ध करून लिहू नका. ‘माझ्याकडून होणार नाही हे’ असं मनात आलं असेल तर ‘मला आत्मविश्वासाची कमतरता आहे’ असं लिहायचं नाही. ती पाटी झाली. आपल्याला वाक्य हवंय.

बहुतेकांची गाडी इथेच अडते: रात्री झोपताना आठवून लिहितात. तोवर वाक्य साफसूफ झालेलं असतं. लागलीच लिहायला सवड नसेल तर मोबाइलवर बोलून ठेवा.

ठराव मालवणीत लिहू की प्रमाण मराठीत?

मनातला आवाज ज्या बोलीत ओरडतो, त्याच बोलीत. आतून ‘माका जमणा नाय’ असं येत असेल आणि वहीत तुम्ही ‘मी हे निश्चितपणे साध्य करू शकतो’ लिहिलंत, तर दोन्ही वाक्यांची गाठच पडत नाही. एक माजघरात बसलंय, दुसरं सरकारी कचेरीत. आगरी, संगमेश्वरी, दालदी, कोंकणी, जी असेल ती चालेल.

इंग्रजी पुस्तकातल्या वाक्यांची यादी मराठीत आणून वापरली तर?

अर्धीच लागू पडते, कारण मराठी माणूस पळवाट वेगळ्या जागी काढतो. इंग्रजीत कर्ता सहसा वाक्याच्या तोंडाशी उभा असतो. मराठीत त्याला बाजूला सारण्याच्या सोयी भरपूर आहेत. वहीत पुढच्या गोष्टी शोधा.

पहिली, ‘राहून गेलं’, ‘विसरायला झालं’, ‘हातून सुटलं’. फवारणीची नोंद राहून गेली. कोणाची राहिली? कधी? वाक्यात माणूसच नाही. ‘मी नोंद केली नाही, कारण वही घरात होती आणि मी बागेत’ असं पूर्ण वाक्य लिहिलं की उपाय त्यातच सापडतो: वही पंपाच्या खोलीत टांगायची.

दुसरी, ‘च’. एका अक्षराचा हा प्रत्यय किती नुकसान करतो ते मोजून पाहा. ‘तू उशीर केलास’ आणि ‘तू उशीरच करतोस’ यांत दिवस-रात्रीचा फरक आहे. पहिलं आजच्याबद्दल आहे, दुसरं जन्माबद्दल. ‘माझंच नशीब’, ‘हे असंच चालायचं’, ‘त्याला कळतच नाही’. आठवडाभर वहीतल्या प्रत्येक ‘च’ला गोल करा. मग तेच वाक्य ‘च’ काढून मोठ्याने वाचा आणि अजून खरं वाटतंय का ते बघा. ‘नेहमी’, ‘कधी’, ‘सगळे’, ‘कुणी’ यांच्या शेपटाला तो हमखास असतो.

तिसरी, ‘पाहिजे’ आणि ‘बघू’. ‘वजन कमी करायला पाहिजे’ (मालवणीत ‘करूक होया’) हे कुणाचं म्हणणं? डॉक्टरचं, बायकोचं, की तुमचं? आणि ‘बघू’ हा तर आपला सौजन्यपूर्ण नकार आहे. दुसऱ्याला द्यायला ठीक, स्वतःला देऊ नये.

एका बाबतीत मात्र मराठी मदतीला येते. ‘राग आला’, ‘भीती वाटली’, ‘कंटाळा आला’. आपण राग होत नाही, तो आपल्याकडे येतो. जे येतं ते जातंही. ‘मी रागीट आहे’ यापेक्षा ‘मला सकाळी पाण्यावरून राग आला’ हे वाक्य जास्त नेमकं आणि जास्त हलकंही. ही सोय हातची सोडू नका.

‘जमत नाही’ या वाक्याला नेमकं काय विचारायचं?

एक नमुना पूर्ण बघू. घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: ‘ॲडव्हान्स मागायला मला जमत नाही.’

कुणाकडे मागायला? — पाहुण्यांकडे.
सगळ्याच? — नाही, ओळखीतून आलेल्यांकडे. परक्याकडे मागतो की.
म्हणजे मागता येतं. ओळखीच्या माणसाशी बोलताना नेमकं कुठे अडतं? — दर सांगून झाला की तो ‘बरं, शनिवारी येतो’ म्हणतो आणि फोन ठेवतो.
त्याआधी मागितलं असतं तर? — त्याला वाटलं असतं, ह्यांचा विश्वास नाही.
असं कुणी कधी बोललंय? — बोललं नाही कुणी.

आता बघा काय झालं. ‘जमत नाही’ हा स्वभाव होता, तो दर सांगणं आणि फोन ठेवणं यांच्यामधल्या चार सेकंदांत येऊन बसला. चार सेकंदांचं काम करता येतं. दराच्या वाक्याला पुढचं वाक्य जोडूनच टाकायचं: ‘दिवसाला दोन हजार, आणि खोली धरून ठेवायला निम्मे आज पाठवा, नंबर व्हॉट्सॲपवर टाकतो.’ मध्ये श्वास घ्यायचा नाही. फोन येण्याआधी हे पाच-सहा वेळा मोठ्याने म्हणून ठेवायचं, मनात नाही. जिभेला वळण लागायला हवं.

यात तीन चुका वारंवार होतात. ‘का जमत नाही?’ असं विचारणं ही पहिली. ‘का’ विचारलं की माणूस कारणं देतो, आणि कारणं दिली की ती त्याला पटतातही. ‘कुणाकडे, कधी, कुठे, नेमकं कसं’ हे प्रश्न ठेवा. दुसरी चूक, चार प्रश्न एका दमात विचारणं. ती चौकशी नव्हे, जबानी होते. तिसरी, न विचारता दुसऱ्यावर प्रयोग करणं. बायको दिवसभराचं सांगत असताना ‘नेहमीच म्हणजे नेमकं कधी?’ असं विचारणाऱ्याला त्या रात्री जेवण मिळेल, पण गप्पा मिळणार नाहीत.

ठरवतो, पण होत नाही. ठरावाचं वाक्य कसं असावं?

‘अमुक झालं की मी तमुक करीन’ या साच्यात. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी यावर पुष्कळ काम केलं आहे. २००६ साली त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी ९४ चाचण्या एकत्र तपासल्या. नुसतं ‘करीन’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘हे झालं की ते करीन’ असं ठरवणारे कृतीपर्यंत बरेच जास्त पोचले.

गाऱ्हाणं आठवा. देवाला नावाने हाक मारायची, कोण आलाय, कुठून आलाय, काय अडलंय, काय मागतोय, सगळं उच्चारायचं, आणि मगच ‘व्हय महाराजा’. आपले स्वतःचे ठराव बहुधा याच्या निम्मेही नेमके नसतात.

मशेरीचं उदाहरण घ्या. ‘मशेरी सोडायची’ हा ठराव नव्हे, इच्छा आहे. आधी तीन दिवस कधी लावली जाते ते टिपा: सकाळी उठल्यावर, चहानंतर, दुपारी भांडी झाल्यावर पडवीत. मग एकच वेळ निवडा, शक्यतो सगळ्यात कमी ओढीची. ‘दुपारी शेवटचं भांडं पालथं घातलं की मी चूळ भरून लवंग तोंडात टाकीन आणि पडवीत न बसता परसात जाईन.’ हात, तोंड आणि जागा, तिन्ही भरली. ती वेळ आठ-दहा दिवस सलग निभावली की पुढची धरा, सकाळची शेवटी. डबीही पडवीतून उचलून माळ्यावर ठेवा, कारण शब्दाने हाताशी असलेल्या डबीशी फार वेळ लढू नये. तंबाखूची तलफ काही मिनिटांत उतरते, तेवढा वेळ काढायचा असतो. एकट्याने होत नसेल तर १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

माझी वेळ रोज बदलते. मासेमारीला जाणाऱ्याने वेळापत्रक कसं पाळावं?

घड्याळाला बांधू नका. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. ‘रोज सकाळी सहाला व्यायाम’ हा ठराव पंधरवड्यात केव्हातरी तुम्हाला खोल पाण्यात गाठणारच. कामाला बांधा: ‘जाळी उतरवून हात धुतले की’, ‘लिलाव आटोपून चहा झाला की’.

आणि हंगामासाठी दुसरं वाक्य तयार ठेवा. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक नौकांना बंदी असते. त्या दिवसांत ‘जाळी उतरवली की’ हा प्रसंगच येत नाही, म्हणून मे महिन्यात जमलेली सवय जूनमध्ये बुडते. लोक स्वतःला आळशी ठरवतात. खरं तर खुंटा उपटला गेलेला असतो. बंदीच्या काळाचा खुंटा मेच्या शेवटच्या आठवड्यात ठरवा, जाळी विणायला बसण्याचा प्रसंग उत्तम. आंबा बागायतदारांनी मोहोर आणि काढणी यांच्यासाठी असंच वेगळं वाक्य करावं.

२१ दिवसांत सवय लागते ना?

नाही. मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहिलं की नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना ‘किमान’ सुमारे २१ दिवस लागतात. पुढे लोकांच्या तोंडून ‘किमान’ गळालं. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या, २०१० च्या अभ्यासात मधला आकडा ६६ दिवस आला, आणि माणसागणिक अंदाज १८ पासून २५४ दिवसांपर्यंत गेला. पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर लागते, व्यायामाला वेळ लागतो.

त्याच अभ्यासातली दिलाशाची गोष्ट: एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नाही. चतुर्थीला घर चाकरमान्यांनी भरतं, तेव्हा चुकणारच. विसर्जनानंतरच्या सकाळी कुठून धरायचं ते वाक्य आधी लिहून ठेवा.

अँकरिंग कसं करतात? खरंच चालतं का?

एखाद्या खुणेशी मनाची अवस्था जोडायची. पाव्हलॉव्ह या शास्त्रज्ञाच्या प्रयोगात घंटा ऐकली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटायचं, तसंच. जोडणी होते हे सिद्ध आहे. बोट दाबून आत्मविश्वास हुकमी आणता येतो, याला मात्र पुरावा तोकडा आहे. खर्च काही नाही, करून बघायला हरकत नाही.

१. खरा प्रसंग निवडा, कल्पनेतला नको. ग्रामसभेत नीट बोललात तो दिवस, किंवा पहिल्यांदा गाडी एकट्याने घाटातून आणली तो.
२. डोळे मिटून जागा, आवाज, वास आठवा. दीड-दोन मिनिटं द्या.
३. भावना चढत असताना डाव्या हाताची करंगळी उजव्या हाताने धरा. उतरायला लागली की सोडा.
४. उठा, चार पावलं चाला, गावातल्या दुकानांची नावं आठवा, म्हणजे मन रिकामं होईल. पुन्हा करा. एका बैठकीत पाच वेळा, असे आठ-दहा दिवस.
५. मग नुसती करंगळी धरून बघा.

चुकतं कुठे? भावना ओसरल्यावर धरली तर ओसरणंच जोडलं जातं. चष्मा, पदर, मिशी अशी दिवसभर हात लागणारी खूण निवडली तर ती बोथट होते. आणि पहिलाच वापर सगळ्यात कठीण प्रसंगी केला तर खुणेला भीती चिकटते. आधी दुकानदाराशी घासाघीस करताना वापरा, मुलाखतीत नंतर. तयार खूण असेल तर नवी कशाला? खेळाआधी दशावतारी मंडळी पेटाऱ्याला हात जोडतात, त्या रिवाजात हे काम पिढ्यान्‌पिढ्या होतच आलंय.

आरशासमोर ‘मी यशस्वी आहे’ म्हणावं का?

ज्याला ते मुळात पटतं त्याने खुशाल म्हणावं. २००९ साली कॅनडात झालेल्या एका प्रयोगात, स्वतःबद्दल आधीच कमी मत असणाऱ्यांना अशी वाक्यं घोकल्यावर उलट वाईट वाटलं. आतून लगेच ‘खोटं!’ असा आवाज येत असेल तर वाक्य खाली उतरवा, आवाज येईनासा होईपर्यंत: ‘मी यशस्वी आहे’ — ‘मला हिशोब येतो’ — ‘मी काल काजूचा हिशोब चुकता केला’. शेवटच्यावर कुणी वाद घालू शकत नाही.

स्वतःशी बोलताना ‘मी’ म्हणावं की ‘तू’?

ताण असताना स्वतःला नावाने हाक मारून बघा. ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या प्रयोगांत, भाषणाआधी स्वतःशी नावाने बोलणाऱ्यांना ‘मी-मी’ करणाऱ्यांपेक्षा ताण कमी जाणवला आणि त्यांचं बोलणंही बरं झालं. सूर मात्र शेजारच्या शहाण्या काकीचा हवा, मास्तरांचा नको: ‘सुनंदा, पहिलं वाक्य पाठ आहे ना? मग तेवढं म्हण.’

मुलांशी बोलताना काय बदलावं?

श्रावणात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. ‘पडशील! धावू नको!’ यातून मुलाला पाय कुठे ठेवायचा ते कळत नाही. ‘भिंतीला हात लाव, एकेक पायरी, कडेने’ हे कळतं. नकारामागोमाग लगेच कृती सांगायची, हा एक नियम पाळला तरी घरातला आरडाओरडा कमी होतो.

मुंबईच्या लेकाला फोनवर ‘तू काय येणार नाहीस गणपतीला, माहितेय मला’ म्हणणाऱ्या आईंनी (आणि बाबांनीही) ते ‘तुझं तिकीट झालं का? मला तू यायला हवा आहेस’ असं म्हणून बघावं. पहिलं दुसऱ्याचं मन वाचणं आहे आणि बहुतेक वेळा भांडण तिथेच पेटतं.

डोळ्यांच्या हालचालीवरून खोटं ओळखता येतं का?

नाही. रिचर्ड वाइझमन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये तपासलं, काही हाती लागलं नाही. ‘संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के’ हेही असंच. हा आकडा मानसशास्त्रज्ञ मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून आला, आणि ते प्रयोग सुट्या शब्दांतून कळणाऱ्या आवडी-नावडीपुरते होते.

कोर्स करावा का?

‘प्रॅक्टिशनर’, ‘मास्टर’ ही प्रमाणपत्रं खाजगी आहेत. त्यांवर उपचार करण्याचा अधिकार मिळत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ती विचारून घ्यावी. पैसे भरण्याआधी विचारा: सरावाचे तास किती, एका वर्गात माणसं किती, मधेच सोडलं तर पैसे परत मिळतात का. ‘दोन दिवसांत आयुष्य बदलेल’ असं सांगणाऱ्याला आमच्या मते नुसतं ‘बघू’ म्हणावं. वर म्हटलंच आहे, दुसऱ्याला द्यायला तो शब्द चांगला आहे.

हे कुठे वापरू नये?

होडी उलटल्यानंतर किंवा अपघातानंतर महिनोन्‌महिने झोप नाही, तेच दृश्य डोळ्यांपुढे येतं, जीव नकोसा वाटतो, तेव्हा वही बाजूला ठेवा. टेली-मानस १४४१६ वर मराठीत, चोवीस तास, मोफत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. रत्नागिरीला शासनाचं प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे.

दारूबद्दल वेगळी सूचना. रोज भरपूर पिणाऱ्याने ‘उद्यापासून थेंबही नाही’ असा ठराव करून एकदम बंद केली तर हात थरथरणं, भास होणं, झटके येणं इथपर्यंत जाऊ शकतं आणि ते जिवावर बेततं. आधी डॉक्टर. ‘संध्याकाळी बंदरावरून आलो की मी आधी घरी जेवायला बसेन’ असली वाक्यं त्यानंतर, डॉक्टरांच्या सल्ल्याने.